अकरा काड्या

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? कोपऱ्यातल्या कुणीतरी एक डोळा किलकिला ठेवलाय, तोही मिटा.

आता एक इमारत डोळ्यांपुढे आणा. तळमजला आणि वर पाच मजले. जिन्याला लागून लिफ्ट, जुनी, लोखंडी जाळीच्या दोन दारांची. एक दार भिंतीचं, एक लिफ्टचं स्वतःचं. दोन्ही दारं खळ्ळकन ओढून पक्की लावली तरच ती हलते. एखादं बोटभर जरी उघडं राहिलं, तरी सगळी बटणं एकदम दाबा, ती ढिम्म हलत नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल. लिफ्टशेजारी भिंतीवर एक लाल फोन आहे. त्यावर पाटी आहे, 'कोणी अडकल्यास उचला'. तोही ध्यानात ठेवा.

आता तळमजल्यावरच्या डावीकडच्या घरात या. इथे एक नऊ वर्षांची मुलगी राहते. तिला सगळे गोटी म्हणतात, कारण दोन वर्षांची असताना तिनं नाकात काचेची गोटी घालून घेतली होती आणि ती बाहेर काढायला दोन डॉक्टर आणि एक नर्स लागली होती. घरात गोटी आणि तिची आई, दोघीच. आई लिफ्ट दुरुस्त करते. शहरातल्या बत्तीस इमारतींच्या लिफ्ट तिच्याकडे आहेत. कितीही साबण लावला तरी तिच्या नखांतली ग्रीसची काळी रेघ जात नाही.

त्या बत्तिसांतली एक लिफ्ट याच इमारतीतली. पण आई राहते तळमजल्यावर. स्वतःच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पाऊल टाकायची तिच्यावर महिन्यातून एकदाच वेळ यायची, तपासणीच्या दिवशी. ती तपासणीही मागेपुढे व्हायची. "आपलीच आहे, कधीही बघू," आई म्हणायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पूर्वी आईचा फोन म्हणजे भरलेला बाजार होता. बत्तीस इमारतींचे बत्तीस गट, आणि तेहेतिसावा कंपनीचा. त्यांवर दिवसभर माणसं बोलत असायची. लिफ्टचा दिवा गेला. लिफ्टमध्ये कुणीतरी पान थुंकलं. कुणी थुंकलं? मी नाही थुंकलो. तुमच्या मुलाला विचारा. मध्येच कुणाच्या वाढदिवसाचे केक, कुणाच्या हरवलेल्या मांजरीचे फोटो. आई संध्याकाळी सहाला घरी यायची आणि झोपेपर्यंत अंगठा वर सरकवत राहायची. एका हातात घास, एका हातात फोन.

गोटीनं एकदा परीक्षा घेतली होती. जेवताना म्हणाली, "आई, आज मी शाळेत हत्ती गिळला."

"हं," आई म्हणाली. "वर पाणी पी."

मग कंपनीनं सगळ्या कारागिरांच्या फोनमध्ये ते नवं यंत्र घातलं. ते सगळे संदेश स्वतः वाचायचं, आई कामात असली की फोनही उचलायचं आणि संध्याकाळी सात वाजता त्यांचं सार सांगायचं. आवाज बाईचा होता, मऊ, बाळाला थोपटून निजवणाऱ्यासारखा. "आज एकशे चौऱ्याऐंशी संदेश आले. कामाचे मुद्दे तीन." तीन मुद्दे व्हायचे आणि ते गप्प बसायचं. आईनं त्याचं नाव ठेवलं गाळणी.

गोटीचा पहिल्या दिवशी विश्वासच बसला नाही. सात वाजून पाच मिनिटांनी आईनं फोन उपडा करून कपाटावर ठेवला, हात झटकले आणि विचारलं, "काय मग? काय खेळायचं?"

त्या दिवसापासून संध्याकाळ गोटीची झाली. दोघी पट मांडायच्या, फासे टाकायच्या, एकमेकींना लबाड म्हणायच्या. एकदा आईनं काड्यापेटीची लिफ्ट करून दाखवली. खुर्चीच्या पाठीवर दोऱ्याचं रीळ अडकवलं, दोऱ्याच्या एका टोकाला काड्यापेटी, दुसऱ्या टोकाला वजन.

"आता सांग, लिफ्ट थांबते कशी?"

"मोटर थांबवते."

"चूक. मोटर नुसती चालवते. वर गच्चीवरच्या खोलीत एक मोठं चाक असतं. मोटर बंद झाली की दोन बाजूंनी दोन पट्ट्या त्या चाकाला मिठी मारतात." आईनं दोन बोटांनी रीळ पकडलं. काड्यापेटी जागच्या जागी थांबली. "मिठी घट्ट, तर लिफ्ट बरोब्बर मजल्याशी. पट्ट्या झिजल्या की मिठी सैल पडते." तिनं बोटं जरा ढिली केली. काड्यापेटी थोडी घसरली आणि मग थांबली. "अशी."

"आणि खूपच झिजल्या तर?"

आईनं बोटं सोडली. काड्यापेटी फरशीवर आपटली आणि काड्या चहूकडे पसरल्या.

"म्हणून तर तुझ्या आईला पगार देतात," आई हसून म्हणाली. "चल, गोळा कर आता."

गाळणीनं दिलेलं हे सुख खोटं नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवतो. आईच्या डोळ्यांची आग थांबली. तिला झोप लागू लागली. गोटीला आई मिळाली. पण गाळणी कुठलीही असो, तिच्यात खाली काय पडतं ते आपल्याला दिसतं. वर काय अडकून राहतं ते चोथा टाकणाऱ्यालाच ठाऊक. आणि इथे चोथा टाकणारीही गाळणीच होती.

पहिली चुणूक दिसली ती एका रविवारी. आई आणि गोटी रस्त्यानं चालल्या होत्या. समोरून एका दुसऱ्या इमारतीचा वॉचमन आला. आईची त्याच्याशी नेहमीची थट्टा.

"काय दादा, आज दाढी करायला वेळ नाही मिळाला? रात्रभर जागून चोर पकडलेत वाटतं!"

त्यानं दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "आई गेली ना माझी, ताई. मंगळवारी. मी लिहिलं होतं तुम्हाला. तुम्ही वाचलंत पण."

घरी आल्यावर आईनं शोधून काढलं. मंगळवारच्या साराखाली, वाचून न दाखवलेली अशी चौथी ओळ होती. 'वॉचमन: वैयक्तिक बाब, रजेवर.' बस, एवढंच. त्या संध्याकाळी आईनं पट मांडला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाली, "खडे निवडताना चार दाणे जायचेच. काय करणार?" आणि पट मांडला.

मग हळूहळू आईची बोलण्याची रीतही बदलली. तिचं तिलाही कळलं नसेल. सगळ्या दिवसाचे तीन मुद्दे ऐकायची सवय लागली की चौथा लांबण वाटतो. गोटी शाळेतली गोष्ट सांगायला लागली की आई मायेनंच म्हणायची, "थोडक्यात सांग गं."

एका संध्याकाळी गोटी म्हणाली, "आई, आपली लिफ्ट ना, पाचव्या मजल्यावर आता पायरी करते. म्हणजे आधी नव्हती करत, आणि मग मी काय करते, मी दार उघडल्यावर दोन्ही पायांनी अशी—"

"मुद्दा काय, गोटे?"

गोटीनं विचार केला. मुद्दा काय होता बरं?

"मजा आली," ती म्हणाली.

"छान," आई म्हणाली आणि फासे टाकले.

पाचव्या मजल्यावर गोटी रोज जायची. शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंतचा तिचा वेळ तिथे घड्याळकाका आणि काकूंच्या घरी जायचा. घड्याळकाकांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. आता त्यांचे गुडघे धरले होते, पण नजर अजून तशीच, केसाएवढा काटा वाकडा असला तरी दिसायचा. काकू चाकांच्या खुर्चीत असायच्या. पाय चालत नव्हते. जीभ मात्र दोघांच्या वाटची चालायची. रोज पाच वाजता काका त्यांना लिफ्टनं खाली मोकळ्या हवेत न्यायचे आणि सहाच्या आत वर आणायचे.

त्या शुक्रवारी गोटी आली तेव्हा काका खिडकीपाशी वाकून काहीतरी मांडत होते. खिडकीच्या कट्ट्यावर काड्यापेटीतल्या काड्यांच्या चळती होत्या. एकावर एक नीट रचलेल्या. प्रत्येक चळतीखाली कागदाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तारीख. पहिल्या काही तारखांना एकेकच काडी. मग दोन. पुन्हा दोन. तीन. मग चार, पाच. डावीकडून उजवीकडे बघत गेलं की एक छोटासा जिनाच तयार झाला होता. सगळ्यात शेवटच्या चळतीत अकरा काड्या होत्या.

"हे काय, काका? किल्ला?"

"किल्ला कसला," काकू खुर्चीतून म्हणाल्या. "म्हातारचळ. घड्याळं संपली, आता लिफ्ट मोजतोय माणूस."

"मोजतो, मोजतो," काका म्हणाले. "तुझ्या चाकाला धक्का बसला तेव्हा कोण ओरडलं होतं? मी?" मग गोटीकडे वळून म्हणाले, "हे बघ. तीन आठवड्यांपूर्वी हिच्या खुर्चीचं पुढचं चाक उंबऱ्याला अडलं. मी वाकून पाहिलं, तर लिफ्ट मजल्याच्या एक काडी खाली थांबलेली. एका काडीच्या जाडीएवढी. तेव्हापासून रोज वर आलो की उंबऱ्याशी काड्या लावून मोजतो. काल अकरा."

गोटीला तिची पायरी आठवली. दोन्ही पायांनी मारायची उडी. परवा उडी मारताना तिच्या बुटाचं टोक अडकलं होतं.

"आईला सांगितलंत?"

"रोज सांगतो. एकही दिवस चुकवला नाही." काकांनी फोन काढून तिच्यापुढे धरला. "हे बघ. आज एक काडी. आज दोन. आज पाच. प्रत्येकाखाली दोन निळ्या खुणा, दिसल्या? पाठवल्या पाठवल्या येतात. तुझी आई वाचते लगेच. कामाची बाई आहे."

"मग ती काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली. म्हणूनच तर मी निश्चिंत आहे." काका हसले. "पहिल्या दिवशी मलाही भीती वाटली होती, खोटं कशाला बोलू. पण म्हटलं, ती या कामातली जाणती. तिनं एकवीस वेळा वाचलं आणि तरी ती शांत आहे, म्हणजे घाबरण्यासारखं काही नसणार. उगाच दार ठोठावून तिला किती टोकायचं?"

गोटीनं फोनवरच्या निळ्या खुणा पुन्हा एकदा पाहिल्या.

आई हे काही वाचत नव्हती. हे गोटीला ठाऊक होतं. वाचत होती ती गाळणी. निळ्या खुणा गाळणीच्या होत्या. आई शांत होती कारण तिला कुणी काही सांगत नव्हतं. आणि काका शांत होते कारण आई शांत होती. दोन्ही बाजू एकमेकींच्या भरवशावर निवांत बसल्या होत्या आणि मधे लिफ्ट रोज थोडी थोडी घसरत होती. जगात ही गोष्ट दोन्हीकडून माहीत असलेली एकच व्यक्ती होती. ती नऊ वर्षांची होती.

"उद्या काय आहे ठाऊक आहे ना?" काकू म्हणाल्या. "शनिवार. दहाला मला व्यायामाच्या बाईंकडे न्यायचंय. ती माझे पाय पिळते आणि वर मलाच विचारते, कसं वाटतंय म्हणून."

"आणि उद्या चौथ्या मजल्यावर नवं बिऱ्हाड येतंय," काका म्हणाले. "त्यांचं सामान चढायच्या आत निघू. आणि हो गं, एक वासही येतो हल्ली. जळक्या रबरासारखा. तेही कळवलंय मी आजच."

गोटी त्या दिवशी पाचव्या मजल्यावरून जिन्यानं उतरली. उतरताना तिनं पायऱ्या मोजल्या. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

सात वाजता गाळणी बोलली. "आज दोनशे सहा संदेश आले. कामाचे मुद्दे दोन." पहिला मुद्दा कुठल्याशा इमारतीच्या दिव्याचा. दुसरा, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एका लिफ्टचं दार अडकतंय, उद्या सकाळी सातला जायचं. बस. आई बटाटे सोलत होती. तिनं 'हं' केलं आणि हात धुवायला आत गेली.

फोन टेबलावर होता. गोटी त्याच्यावर वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "घड्याळकाकांनी काय लिहिलं?"

"एकवीस संदेश," गाळणी मऊपणे म्हणाली. "विषय: लिफ्टची पातळी. सर्व संदेश एकसारखे. तुमच्या सूचनेनुसार रोजचे तेच ते संदेश गाळले आहेत. तातडी: नाही."

तुमच्या सूचनेनुसार. गोटीला आठवलं. पंधरा-वीस दिवसांपूर्वी आई कंटाळून म्हणाली होती, "काकांचं रोजचं तेच तेच असेल तर नको सांगूस गं बाई."

"एकसारखे नाहीत ते," गोटी कुजबुजली. "आकडा वाढतोय."

"समजलं," गाळणी म्हणाली. "आणखी काही हवं आहे का?"

गोटीनं मान वर केली. आई हात पुसत बाहेर येत होती. बगलेत पट, ओठांत फाशांची डबी धरलेली, कारण हात ओले. डबी काढून ती म्हणाली, "आज तुझी काही धडगत नाही. काल लबाडी करून जिंकलीस."

आता मुलांनो, इथे जरा थांबा आणि गोटीच्या जागी बसून बघा. सांगायचं काय, हे तिला पक्कं माहीत होतं. पण सांगितलं की काय होणार, हेही माहीत होतं. आई धावत वर जाईल, ते ठीक. पण नंतर? नंतर तिचा गाळणीवरचा विश्वास उडेल. मग पुन्हा बत्तीस गट, पुन्हा थुंकलेलं पान, पुन्हा एका हातात घास आणि एका हातात फोन. पुन्हा हत्ती गिळला तरी 'हं'.

एकच संध्याकाळ, गोटीनं स्वतःला सांगितलं. उद्या सकाळी उठल्या उठल्या सांगू.

तिनं फासे टाकले. सहा पडले. आई ओरडली, "लबाड!" गोटी हसली, पण ते हसू तिच्या तोंडातच राहिलं. वर कुठेतरी लिफ्ट चालू झाल्याचा आवाज आला. घर्रर्र. मग थांबल्याचा. गोटी कान देऊन ऐकत होती. पूर्वी ती खट्कन थांबायची. आता थांबायच्या आधी एक लांबट, खरखरीत आवाज येत होता, कुणी बूट घासत चालावं तसा.

"तुझी पाळी," आई म्हणाली. "कुठे हरवलीस?"

"कुठे नाही," गोटी म्हणाली.

सकाळी तिला जाग आली तेव्हा ऊन खोलीच्या मध्यापर्यंत आलं होतं. घर शांत. टेबलावर चिठ्ठी होती. 'सहालाच निघाले. तुला उठवलं नाही. दूध पी आणि काकूंकडे जा. जिन्यात धावू नकोस, लिफ्टनं जा.'

गोटीनं ती चिठ्ठी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या दोन शब्दांपाशी तिचे डोळे अडकून बसले.

तिनं घरातला फोन उचलला आणि आईचा नंबर फिरवला. पलीकडे तोच मऊ आवाज. "आई कामात आहे. निरोप थोडक्यात सांगा."

"मला आईशी बोलायचंय. लिफ्टच्या पट्ट्या झिजल्यात. काकांनी काड्या लावून मोजलंय, आधी एक होती आणि आता अकरा झाल्यात, आणि जळका वास येतो, आणि काकू—"

"निरोप नोंदवला," गाळणी म्हणाली. "मुलीचा फोन. घरी सगळं ठीक. लिफ्टबद्दल गप्पा. तातडी: नाही. संध्याकाळी सात वाजता कळवलं जाईल."

"ठीक नाहीये!" गोटी ओरडली. पण पलीकडे फोन बंद झाला होता. तिनं पुन्हा लावला. पुन्हा तोच आवाज, तेवढाच मऊ, जराही न वैतागलेला. वैतागला असता तर बरं वाटलं असतं तिला.

बाहेर काहीतरी जड घासल्याचा आवाज आला. गोटीनं दार उघडलं.

लिफ्टसमोर दोन हमाल उभे होते. एक मिशीवाला, एक शीळ घालणारा. त्यांनी एक भलंमोठं लोखंडी कपाट तिरकं करून लिफ्टमध्ये ढकललं होतं आणि आता त्याच्या शेजारी पुस्तकांची खोकी रचत होते. दोन्ही जाळीची दारं सताड उघडी. मोटर बंद. कुणी बटणाला हातही लावलेला नव्हता.

मिशीवाल्यानं शेवटचं खोकं आत ठेवलं. आणि गोटीनं पाहिलं. लिफ्टची जमीन हळूच, कुणी श्वास सोडावा तशी, खाली बसली. जेमतेम एक काडीभर. हमालांचं लक्षही नव्हतं. जळक्या रबराचा वास वरून खाली आला आणि जिन्यात पसरला.

मिठी सुटायला लागली होती.

वरून, पार पाचव्या मजल्यावरून, काकांचा आवाज जिन्याच्या पोकळीतून खाली आला. "अहो, सामानवाले! एवढं झालं की लिफ्ट वर पाठवा हो! आम्ही दारात उभे आहोत!"

"आलीच, काका!" शीळवाला ओरडला आणि दाराला हात घातला.

"थांबा!" गोटी म्हणाली. "लावू नका दार!"

"का गं, छकुले? तुलाही यायचंय? जागा नाही बघ. कपाटात बसतेस?"

दोघे हसले. गोटी घरात पळाली. हमालांना वाटलं, लाजली. मिशीवाल्यानं आतलं दार ओढलं. ते अर्ध्यावर आलं असेल नसेल, तोच गोटी आईचं लोखंडी स्टूल दोन्ही हातांनी ओढत बाहेर आली. आई त्यावर चढून बल्ब बदलायची. तिनं ते स्टूल आडवं करून भिंतीच्या दाराच्या चौकटीत घुसवलं. स्वतः आत पाऊल टाकलं नाही. आईनं शिकवलं होतं, उंबऱ्यावर माणसानं कधी उभं राहायचं नाही. अडवायचं तर वस्तूनं. मग ती बाहेरच्या बाजूला, स्टुलाच्या पायांना दोन्ही पाय टेकवून, फरशीवर फतकल मारून बसली.

"अगं ए! हा काय चावटपणा?" मिशीवाल्याचं हसू मावळलं. "ऊठ. आम्हाला अजून दोन खेपा करायच्यात. तुझ्या आईला सांगू का?"

"सांगा," गोटी म्हणाली. "मी केव्हापासून तेच करतेय."

वरून काका हाका मारत होते. त्यांच्यामागून काकूंचा आवाज आला, "काय झालंय खाली? मेलं दहा वाजले!" शीळवाल्यानं स्टुलाला हात घातला आणि ओढलं. गोटीनं पायांनी दाबून धरलं. स्टूल जरा सरकलं. अजून दोन हिसके, आणि ते निघालं असतं.

गोटीच्या डोक्यावर, हात पुरेल एवढ्या उंचीवर, लाल फोन होता. त्याला हात लावायला तिला सक्त मनाई होती. "तो खेळ नाही," आई म्हणायची. "त्यावरचा आवाज मी गाळणीतून जाऊ देत नाही. तो सरळ माझ्या कानात येतो."

गोटीनं पाय न हलवता हात वर केला आणि फोन खेचला. एकच घंटी वाजली.

"कुठली इमारत? कोण अडकलंय?" आवाज मऊ नव्हता. धापा टाकणारा, मागे हातोड्याचे ठोके असलेला, आईचा खराखुरा आवाज.

"मी," गोटी म्हणाली.

पलीकडे ठोके थांबले. "गोटे? कितव्या मजल्यावर? घाबरू नकोस. कितव्या?"

"तळमजल्यावर. मी बाहेर आहे. दार उघडं आहे."

"मग अडकलीस कशी? गोटे, हा फोन कशासाठी आहे ते ठाऊक आहे ना तुला? काय ते थोड—"

आई थांबली. का थांबली, कोण जाणे. कदाचित तिला फोनमधून शीळवाल्याचं "ओढ रे" ऐकू आलं असेल, वर काकांची हाक. कदाचित गोटीचा श्वास. लिफ्टमध्ये कपाटाच्या वजनाखाली काहीतरी करकरलं. हमालांनीही या वेळी ते ऐकलं. शीळवाल्याचा हात स्टुलावरच थिजला.

"सांग," आई अगदी हळू म्हणाली. "सगळं सांग. मी ऐकतेय."

गोटीनं फोन खांदा आणि कान यांच्यात दाबला, स्टुलावरचे पाय आणखी घट्ट रोवले, लिफ्टच्या उंबऱ्याकडे बघत मोठा श्वास घेतला आणि पहिल्या काडीपासून सुरुवात केली.